बुश निघता निघेना

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली, की डोळ्यांपुढे आधी रंग येतो, मग चकचकीत बंपर, आणि फार तर इंजिन. कामाचे दिवस मात्र खातो तो मुठीत मावणारा एक तुकडा. सस्पेन्शनचा बुश! लोखंडी नळीत दुसरी लोखंडी नळी आणि दोहोंच्या मध्ये रबर, एवढीच त्याची घडण. बाजारात तो स्वस्त मिळतो, नवा बसवायला अर्धा तास पुरतो. पण पन्नास वर्षांपूर्वी बसवलेला जुना बाहेर काढताना चांगले कसलेले मेकॅनिकही घामाघूम होतात. रंगारी गाडी कधी देणार ते सांगू शकतो. बुश कधी सुटेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

भंडारा जिल्ह्यात स्पोर्ट्स कार क्वचितच दिसणार. पण बुशाचे काम इथे रोजचे आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ क्रमांकाचा रस्ता, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. मालमोटारींच्या कमानी, पाटे, पिना आणि बुश यांची कामे या रस्त्याच्या कडेला चालतात. गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात मोटार उद्योगाला लागणारे मिश्र पोलाद बनते. तुमसर भागात भातगिरण्या आहेत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. अशा मुलखात लेथ, प्रेस आणि त्यांवर काम करणारे हात शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बुशालाही याहून वेगळे काही लागत नाही. लागते ते एवढेच, की ठोकण्याआधी नेमके काय अडकले आहे ते ओळखणे.

ट्रकचा पिन-बुश आणि कारचा रबरी बुश या दोन जाती मुळातच वेगळ्या. ट्रकच्या पाट्याच्या टोकाला गोल वळी असते, तिच्यात गनमेटलसारख्या धातूचा बुश बसतो आणि त्यात पिन फिरते. धातूवर धातू घासतो, म्हणून निपलमधून वरचेवर ग्रीस भरावे लागते. रबरी बुशात काहीच घासत नाही. बाहेरची नळी आर्मच्या भोकात घट्ट दाबून बसवलेली असते. आतली नळी बोल्टने चेसिसच्या ब्रॅकेटला आवळलेली असते. चाक वर-खाली झाले, की मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. आवाज नाही, ग्रीस नाही. स्कूटरवाल्यांना हाच प्रकार ‘सायलेंट बुश’ म्हणून ठाऊक आहे.

आता स्पोर्ट्स कार. भारतात परदेशी गाड्यांच्या आयातीवर अनेक दशके कडक बंधने होती, त्यामुळे एमजी किंवा ट्रायम्फच्या दोन आसनी गाड्या मोजक्याच घरांत आल्या. पण त्यांतल्या एका गाडीची सख्खी बहीण आपल्या रस्त्यांवर सर्रास धावली. ती म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती बनवायला सुरुवात केली. मूळची ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली होती आणि तिचे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराचे होते. याच हेरल्डची चेसिस आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. ती १९८० पर्यंत बनत राहिली आणि तीन लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या.

दोघींच्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग. मागे डिफरन्शियलवर आडवा बसवलेला पाट्यांचा स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना चाक पुढे-मागे सरकू न देणारा रेडियस आर्म. खालच्या आर्मच्या आतल्या टोकांना बुश, रेडियस आर्मच्या दोन्ही टोकांना बुश, आडव्या पाट्याच्या दोन्ही टोकांना बुश. म्हणजे ज्या मेकॅनिकने कधीकाळी डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या हेरल्डखाली पाठ टेकली असेल, त्याला स्पिटफायरचे पोट परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईत हेच शिक्षण प्रीमियर पद्मिनीने दिले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी टॅक्सी म्हणून इतकी राबली, की शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर तिच्या पाट्यांवर आणि बुशांवर मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्यांचा हात बसला होता.

बुश गेला हे कळते कसे? गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. टायर एका कडेने झिजतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत सावरावे लागते. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर रबराला कडेने चिरा पडलेल्या दिसतात किंवा रबर एका अंगाला पिळवटून बाहेर आलेले असते. लांब पहार घालून आर्म हलवला आणि तो सहज इकडेतिकडे झाला, तर शंकेला जागा उरत नाही. हीच लक्षणे सैल बॉल जॉइंटची किंवा गेलेल्या बेअरिंगचीही असू शकतात. म्हणून पहार लावून पाहिल्याशिवाय बुशाला दोष देऊ नये.

झिजलेला बुश सहज निघायला हवा, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही, कारण त्यात तीन निरनिराळ्या मिठ्या असतात.

पहिली मिठी रबर आणि धातूची. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन रबर नळ्यांना चिकटवलेले असते. कच्च्या रबरात गंधक मिसळून तापवले तर ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयरने १८३९ च्या सुमारास शोधले, आणि सगळ्या रबरी बुशांचा पाया तिथे आहे. ही मिठी तीन मिठ्यांतली सगळ्यात दुबळी. उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन रबराला म्हातारे करतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या रबराचे काय होत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

दुसरी मिठी बाहेरची नळी आणि आर्म यांची. नळीचा व्यास भोकापेक्षा काही शतांश मिलीमीटरने जास्त ठेवतात आणि ती प्रेसने दाबून बसवतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, तेव्हा तो धाव जरा लहान घेतो, तापवून फुगवतो आणि चाकावर चढवून पाणी ओततो. थंड होताना धाव चाकाला आवळते. बुशाची पकड याच जातीची, फक्त तिथे तापवण्याऐवजी दाब वापरलेला असतो. गोंद नाही, वेल्डिंग नाही, निव्वळ आवळ.

तिसरी मिठी सगळ्यात चिवट, आणि ती कारखान्याने दिलेली नसते. ती गंजाची. आतली नळी पोलादाची, तिच्यातून जाणारा बोल्टही पोलादाचा, आणि दोहोंमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत पाणी शिरते आणि तिथेच राहते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धानाच्या बांध्यांचा चिखल गाडीच्या पोटाला लागला, की तो आठवडाभर ओल धरून ठेवतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फट भरते आणि तीच पुढे पाचरीसारखी आवळत जाते. अशा बोल्टवर पाना लावला, की नट फिरतो, बोल्टही फिरतो, पण सोबत आतली नळीसुद्धा फिरते आणि रबर नुसते पिळत राहते. बोल्ट बाहेर येत नाही.

हेरल्ड आणि स्पिटफायरच्या मागच्या चाकाजवळचा लांब बोल्ट याबाबत बदनाम आहे. रेडियस आर्मजवळच्या उभ्या दुव्याच्या तळातून तो आरपार जातो, अख्ख्या लांबीभर नळीत गंजतो आणि हातोड्याला दाद देत नाही. जाणकार त्याच्याशी फार वेळ झुंजत नाहीत. ते हेक्सा ब्लेड घेतात, दुवा आणि शेजारचा भाग यांच्या मधल्या फटीत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापतात. बोल्ट नवा मिळतो. वाकलेला दुवा सरळ करणे कठीण असते.

कामाला हात घालण्याआधी गाडी नीट उभी करायला हवी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तिच्याखाली शिरण्यासाठी नाही. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावल्याशिवाय कुणी खाली जाऊ नये. दुसरा धोका स्प्रिंगचा. एमजीबीसारख्या गाडीत कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मच्या तव्यावर दाबून बसवलेला असतो. आर्मचा बोल्ट आधी काढला, तर तो स्प्रिंग बंदुकीच्या गोळीच्या जोराने सुटू शकतो. आर्मखाली जॅक लावून भार घ्यायचा, स्प्रिंग आवळणाऱ्या पट्ट्या लावायच्या, आणि मगच बोल्टाकडे वळायचे.

मग सुरू होतो संयमाचा भाग. तारेच्या ब्रशने बोल्टाची टोके साफ करायची आणि गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यायचे. बाजारात त्याचे डबे मिळतात. जुने मेकॅनिक रॉकेलात थोडे तेल मिसळून काम भागवायचे. दुसऱ्या दिवशी बोल्ट एकदम सोडवायला जायचे नाही. आधी थोडा आवळायचा, मग थोडा सोडायचा, पुन्हा तेल, पुन्हा तेच. गंजाचा थर असा हळूहळू चुरडतो. बोल्टच्या टोकावर सरळ हातोडा मारला, तर टोक पसरते आणि नळीतून निघायचे ते कायमचे अडकते. मारायचेच असेल, तर नट टोकाच्या पातळीवर ठेवून त्यावर पितळी तुकडा धरून मारावे. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा पितळेचा तुकडा मिळण्याची तरी अडचण नसावी.

बोल्ट निघाला, आर्म हातात आला, तर निम्मे काम झाले. पुढचा प्रश्न बाहेरच्या नळीचा, आणि इथे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ओढण्याचा. पूर्ण आट्यांचा एक रॉड, दोन नट, जाड वॉशर, बाहेरच्या नळीपेक्षा मोठ्या आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा आणि नळीपेक्षा किंचित लहान व्यासाची बॉक्स पान्याची गोटी, एवढे सामान पुरते. पाइप आर्मच्या भोकाच्या कडेवर टेकतो, गोटी बुशाच्या नळीवर टेकते, नट आवळत गेले की बुश पाइपमध्ये सरकतो. हिशेब महत्त्वाचा आहे. १२ मिलीमीटरचा ८.८ प्रतीचा रॉड सुमारे पाच टनांचा ताण सहज सोसतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा रॉड दोन टनांच्या आसपास ताणला जाऊ लागतो. म्हणून रॉड घेताना प्रत विचारावी आणि आट्यांना ग्रीस लावावे. रॉडच्या रेषेत उभे राहू नये. ताणलेला रॉड तुटला, तर त्याचे टोक तिकडेच सुटते.

दुसरा मार्ग प्रेसचा. ट्रकवाल्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेस असतो आणि जोराची कमतरता नसते. अडचण वेगळीच असते. स्पोर्ट्स कारचे काही आर्म जाड पत्रा दाबून घडवलेले असतात आणि त्यांचे दोन कान एकमेकांपासून मोकळे असतात. त्यांना नीट आधार न देता प्रेस दाबला, तर बुश तिथेच राहतो आणि कान आत वाकतात. दोन कानांमध्ये मापाचा लोखंडी तुकडा अडकवायचा, आणि भोकाच्या कडेलगत सगळीकडून आधार द्यायचा. ट्रकच्या जाडजूड सुट्या भागांची सवय असलेल्या हाताने जोर किती लावायचा याआधी आधार कुठे द्यायचा हे ठरवावे.

तिसरा मार्ग कापण्याचा, आणि अडेल बुशाला तोच जास्त करून लागू पडतो. आधी ड्रिलने रबरात शेजारी-शेजारी भोके पाडायची. रबर जाळीदार झाले, की आतली नळी ठोकून बाहेर येते. मग हेक्सा ब्लेड एका टोकाने सोडवून भोकातून घालायचे, पुन्हा चौकटीत बसवायचे आणि आतून बाहेरच्या नळीला उभी चीर पाडायची. शेजारी दुसरी चीर पाडली, की छिन्नीच्या हलक्या फटक्याने मधली पट्टी आत वळते. आवळ मोकळा झाला, म्हणजे नळी सैल पडते. या कामात डोळा ब्लेडवर हवा. नळी संपून आर्म सुरू होतो, तिथे गंजाची काळसर रेघ दिसते. ती दिसताच थांबायचे. आर्मच्या भोकात खोल चर पडला, तर त्या ठिकाणी ताण एकवटतो आणि पुढे तडा जाऊ शकतो.

चौथा मार्ग लोक सुचवतात तो जाळण्याचा: गॅसची ज्योत लावा, रबर जळून जाईल. जळते खरे, पण जळत्या रबराचा धूर छातीसाठी घातक असतो, आणि जवळ ब्रेकची नळी किंवा पेट्रोलची टाकी असेल तर आगीचा धोका असतो. पाट्याच्या टोकाशी तर ज्योत नेऊच नये. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला पाणी देऊन घडवलेले असते. अति तापले की ते नरम पडते आणि पाटा बसतो किंवा मोडतो. आर्म पूर्ण उघडा असेल, आसपास काही जळण्यासारखे नसेल, तर सौम्य उष्णता मदत करते. ४० मिलीमीटर व्यासाचे पोलादी भोक २०० अंशांनी तापले, तर ते जवळपास एक दशांश मिलीमीटरने फुगते. बुशाचा आवळ सुटायला एवढे पुष्कळ असते. पण त्यासाठी आर्म तापायला हवा आणि बुश थंड राहायला हवा, हे गाडीखाली झोपून साधत नाही.

नवा बुश बसवताना हाच हिशेब उलटा लावता येतो. भर उन्हाळ्यात कार्यशाळेत बेचाळीस अंश आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे अठरा. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेल्या ४० मिलीमीटरच्या नळीचा व्यास सुमारे तीन शतांश मिलीमीटरने कमी होतो. फरक डोळ्याला दिसत नाही, पण प्रेसला जाणवतो. भोक स्वच्छ घासून घ्यायचे, बारीक सँडपेपरने गंज काढायचा आणि नळी सरळ रेषेत दाबायची. रबराला मात्र इंजिनचे तेल किंवा साधे ग्रीस लावायचे नाही. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि सडते. निसरडेपणा हवा असेल, तर साबणाचे पाणी पुरते. ट्रकचा पिन-बुश करणाऱ्या मेकॅनिकला ग्रीस गन उचलायची सवय असते, तेव्हा त्याला हे आधीच सांगून ठेवावे. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. हेरल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाचा उभा दुवा खाली आट्यांनी एका तांबे-मिश्रधातूच्या तुकड्यात फिरतो आणि त्याला ग्रीस नव्हे, तर जाड गिअर ऑइल लागते. तिथे तेल गेले नाही, तर दुवा मोडून चाक निखळू शकते.

शेवटच्या टप्प्यावर होणारी चूक नव्या बुशाचे आयुष्य काही महिन्यांवर आणते. चाक हवेत लटकत असताना बोल्ट घट्ट आवळला, तर रबर त्या स्थितीत बांधले जाते. गाडी जमिनीवर आली, की ते कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्याला अधिक पिळते. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून-उचलून स्प्रिंग बसू द्यायचे, आणि मगच दिलेल्या मापाने आवळायचे.

हल्ली पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. ते दोन अर्ध्यांत येतात, हाताने बसतात आणि गाडी वळणावर घट्ट चालते. पण ते रबरापेक्षा कडक असतात, रस्त्याचे धक्के जास्त पोचवतात आणि सिलिकॉनचे ग्रीस नसेल तर कुरकुरतात. काही संचांना जुनी बाहेरची नळी आर्ममध्येच राहिलेली हवी असते. आधी नळी कापून टाकली आणि मग डब्यावरची सूचना वाचली, असे होऊ देऊ नये.

आर्म जपायला एक कायदेशीर कारणही आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवी नोंदणी २० हजार रुपयांत होते आणि दहा वर्षे चालते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. बुश झिजणारच, तो बदलल्याने गाडीचे मूळ स्वरूप जात नाही. पण चेसिसवरचे ब्रॅकेट गॅसने कापून दुसऱ्याच गाडीचा आर्म जोडला, तर ती अट अडचणीची ठरू शकते. शिवाय हेरल्डचे किंवा स्पिटफायरचे मूळ आर्म आपल्याकडे दुकानात मिळत नाहीत. जुन्या गाड्यांच्या भंगारात शोधावे लागतात किंवा परदेशातून मागवावे लागतात.

तेव्हा गाडी गॅरेजला देताना मालकाने चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: आर्म गाडीवरून उतरवूनच बुश काढावा, पाट्याला ज्योत लावू नये, प्रेसखाली आर्मला पूर्ण आधार द्यावा आणि बोल्टचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर असताना द्यावा. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून तपासावेत.